दोन मोकळे खाने

सोमवार, ३

ही वही सूनबाईने दिली. म्हणाली, "बाबा, दिवसभरात वाटेल ती काळजी यात लिहायची. जेवताना काढायची नाही." तिचा हेतू चांगलाच असणार. पण जेवताना नाही तर कधी? घरातली तिन्ही माणसं जेवतानाच एका जागी सापडतात, आणि तोंडं भरलेली असल्यामुळे मध्येच कुणी बोलत नाही.

तर आजच्या काळज्या. चिरंजीव चालवतात त्या बसचं पुढचं टायर गुळगुळीत झालं आहे, मी काल डेपोच्या फाटकातून पाहिलं. माझ्या डाव्या कानात दुपारी शीळ वाजते. न्हाणीघरातला नळ ठिबकतो. आणि सगळ्यांत मोठी काळजी सूनबाईच्या परीक्षेची.

परीक्षा तेवीस तारखेला आहे. नदीच्या वळणावर पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे, तिथल्या प्रयोगशाळेत मदतनिसाची एक जागा निघाली आहे. सूनबाई लग्नाआधी बारावी झाली, तीही विज्ञान घेऊन. लग्नानंतर माझ्या शिवणकामाच्या दुकानात काजं-बटणं करत बसली. पुढे माझे डोळे अधू झाले, सुई ओवता येईना, तसं दुकान बंद केलं. तेव्हापासून दिवसभर घरात ती आणि मी. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करते, मी समोर खिडकीशी बसतो. तिला डुलकी लागू नये म्हणून अधूनमधून काहीतरी विचारतो.

आज विचारलं, नोकरी लागली तर निघायचं किती वाजता. सातच्या आत म्हणाली. आणि परत? पाच. मी म्हटलं, मधल्या वेळात पोस्टमन आला तर? ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पोस्टमनला चावत नाही ना? मग दार उघडायचं."

विषय हसण्यावारी नेला.

गुरुवार, ६

सूनबाई समीकरणात अडकली आहे. प्रकार काय ते माझ्यासारख्या सातवी झालेल्या माणसाला समजेल असं लिहितो. दोन पदार्थ एकत्र आले की त्यांचे तुकडे सुटतात आणि त्याच तुकड्यांतून नवे पदार्थ जुळतात. तुकडे म्हणजे अणू. अणू हरवत नाही आणि नवा कुठून टपकत नाही. म्हणून डावीकडे जेवढे असतील तेवढेच उजवीकडे भरले पाहिजेत, आणि तसे भरावेत म्हणून प्रत्येक पदार्थापुढे आकडा बसवायचा. सूनबाई अंदाजाने बसवते. इकडे दोन घातले की तिकडे कमी पडतं, तिकडे तीन घातले की इकडे उरतं. नव्या हाताने कापड बेतावं तसं चाललं होतं. खोडरबराने कागदाला भोक पडलं.

तिच्या संध्याकाळच्या वर्गात शिकवायला एक बाई आहेत. त्यांनी आता नवी रीत दिली आहे. तक्ता मांडायचा. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. आडव्या ओळी अणूंच्या, उभे खाने पदार्थांचे. कुठल्या पदार्थात कुठले अणू किती ते खान्यात लिहायचं, उजवीकडच्या पदार्थांना उणे चिन्ह द्यायचं. मग एका ओळीची दुप्पट-तिप्पट करून दुसरीतून वजा करायची. असं करत शून्यं पाडत गेलं की शेवटी आकडे आपोआप उघडे पडतात.

ती हे स्वतःशी मोठ्याने म्हणत होती आणि मला चक्क समजत होतं. एका शर्टाला एक कॉलर, दोन बाह्या, सात बटणं. समजा जुने शर्ट आणि कोट उसवले आणि त्यांच्या तुकड्यांतून वेगळे कपडे शिवले, तर एकही बटण उरता कामा नये. किती उसवायचे आणि किती शिवायचे, एवढाच प्रश्न. कॉलर, बाही, बटण या ओळी. शर्ट, कोट हे खाने.

मी हे सांगितलं तर सूनबाईने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, उद्यापासून रोज एक समीकरण तुम्हीही सोडवायचं, कुणी बरोबर बसलं की मला नेट लागतो.

तिला माझ्या मदतीची गरज आहे. हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

रविवार, ९

आज भांडण झालं. गणितावरून.

गॅसच्या शेगडीचं समीकरण होतं. प्रोपेन आणि ऑक्सिजन जळतात, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो. तीन ओळी, चार खाने. सकाळभर शून्यं पाडली. पण शेवटी एक खाना तसाच राहतो, त्याचं काहीच ठरत नाही. सूनबाई म्हणाली, तो मोकळा. त्याला मनाला येईल तो आकडा द्यायचा.

मी विचारलं, मनाला येईल तो? म्हणजे परीक्षकही मनाला येतील तेवढे गुण देणार का? चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाची छाती मोजून शिवलं, मनाला येईल तेवढी धरली असती तर लोकांनी दुकान जाळलं असतं. चिरंजीव सुट्टीमुळे घरी होते, ते हसू लपवायला पाणी प्यायला उठले.

सूनबाई शांतपणे म्हणाली, "बाबा, शर्ट एक शिवा नाहीतर शंभर. एका शर्टाला बाह्या दोनच ना? मोकळ्या खान्यात आपण फक्त किती शर्ट शिवायचे ते सांगतो. प्रमाण बदलत नाही."

मी प्रोपेनला एक दिला. पाच ऑक्सिजन, तीन कार्बन डायऑक्साइड, चार पाणी. मग खात्री करायला सात दिला. सगळं सातपट झालं, तोळाभर इकडेतिकडे नाही. तरीही इतक्या मोठ्या शास्त्राने एक जागा माणसाच्या मर्जीवर सोडावी हे मला बरं वाटलेलं नाही.

बुधवार, १२

कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे बसलो होतो. तो घड्याळं दुरुस्त करतो आणि डोळ्याला भिंग लावल्या लावल्या लोकांच्या घरात डोकावतो. विचारतो काय, "सून नोकरीला लागली की तुझं कसं रे, शिंप्या?"

मी म्हटलं, माझं काय? प्रश्न तिचा आहे. दोन बसा बदलाव्या लागतील. तिथे आम्लाच्या बाटल्या असतात, हातावर थेंब पडला तर? साहेब लोक कसे असतील? आणि थंडीत सातच्या आत अंधार असतो.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुझं काहीच नाही. बरं झालं."

त्याचं असं तिरकं बोलणं मला कधी समजत नाही.

शुक्रवार, १४

सूनबाईची तयारी पुरती झाली आहे. कुठलंही समीकरण दिलं की भाजी चिरावी तसं चिरते. त्यामुळे मला काळजी लागली. परीक्षेत सोपं येत नसतं. रद्दीवाल्याकडे जाऊन रसायनाचं जुनं जाड पुस्तक शोधलं आणि त्यातलं सगळ्यांत लांब समीकरण निवडलं. आधी स्वतः सोडवून बघावं म्हणून कागद घेतला.

पोटॅशियम परमँगनेट म्हणजे ते जांभळे खडे. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि सल्फ्युरिक आम्ल. उजवीकडे पदार्थ चार. मिळून सात खाने. ओळी पाच. आजवर शेवटी एकच खाना मोकळा राहायचा. इथे दोन राहिले.

चूक झाली असणार. पुन्हा करतो.

शनिवार, १५

पुन्हा केलं. दोनच राहतात. आणि त्याहून वाईट म्हणजे दोघांना वेगवेगळे आकडे दिले की उत्तरंही वेगवेगळी येतात. नुसती दुप्पट-तिप्पट नाही, प्रमाणच वेगळं. दोन परमँगनेट आणि तीन आम्ल यांच्याबरोबर पाच पेरॉक्साइड घेतले तरी सगळे अणू भरतात. सात घेतले तरी भरतात. एकच घेतला तरी भरतात. म्हणजे एकाच गिऱ्हाइकाला एकाच मापाचे तीन वेगवेगळे कोट बसावेत, तसं.

सूनबाईला दाखवायचं नाही असं ठरवलं आहे. तिचा विश्वास उडेल.

रविवार, १६

दाखवलं.

सकाळी तिनेच विचारलं की बाबा, दोन दिवस तोंड का पाडून बसलात. मला पोटात काही ठेवता येत नाही, तब्येतीला ते बाधतं. तिने कागद घेतला. पाचचं उत्तर तपासलं, सातचं तपासलं, एकचं तपासलं. मग स्वतः नव्याने तक्ता मांडला. दुपार उलटली. तिला चौथं उत्तर मिळालं, तेही बरोबर.

रडली नाही. एवढंच म्हणाली की या रीतीच्या भरवशावर मी होते, अंदाजाचं मला जमत नाही, आणि आता कुठलं उत्तर खरं हे जर रीतच सांगत नसेल तर मी तिथे जाऊन काय लिहू. मग पुस्तकं शिलाई मशीनखालच्या खोक्यात भरली. परीक्षेला जाणार नाही म्हणाली.

चिरंजीव ड्यूटीवरून आले. त्यांना कळलं. "बाबा, तुम्हाला काय गरज होती?" एवढंच बोलले आणि न जेवता उठले.

मला फार वाईट वाटतं आहे.

सोमवार, १७

झोप उत्तम लागली. कितीतरी दिवसांत अशी लागली नव्हती. कानातली शीळही बंद आहे. सकाळी दोनदा वाढून घेतलं. हवा बदलली असावी.

सूनबाई अभ्यासाला बसली नाही. माझ्यासमोर खिडकीशी बसली होती. मी तिला टायरचं सांगितलं, नळाचं सांगितलं. तिने सगळ्याला हो म्हटलं. एकदाही चिडवलं नाही. दुपारी माझा शर्ट घेऊन बटण लावत होती. ते बटण घट्ट होतं, दुकान चालू असताना मीच लावलेलं. ते तिने उसवलं आणि पुन्हा लावलं. मग खालचं उसवलं.

मंगळवार, १८

घड्याळजीला सगळी हकीकत सांगितली. बिचारीचं किती वाईट झालं, मेहनत वाया गेली, मला किती लागून राहिलं आहे. तो एका घड्याळाचं पोट उघडून बसला होता. वर न बघता म्हणाला, "शिंप्या, तुझे गाल वर आलेत."

मी विचारलं, याचा अर्थ काय?

"अर्थ काही नाही. सून घरीच राहणार म्हटल्यावर अन्न अंगी लागायला लागलं, एवढंच दिसतंय."

इतका नीच आरोप माझ्यावर आजवर कुणी केला नव्हता. मी ताडकन उठून निघून आलो. छत्री तिथेच राहिली. माणूस घड्याळं बघून बघून इतका बिघडतो की त्याला सगळ्यांच्या आतली चाकं दिसतात असं वाटायला लागतं. मला सूनबाईची नोकरी व्हायला हवी आहे. हे मी लेखी देतो. उद्या मी स्वतः त्या वर्गाच्या बाईंकडे जाऊन त्यांच्या रीतीची तक्रार करणार आहे. मग बघतो घड्याळजी काय म्हणतो.

घरी आलो तर सूनबाईची शर्टाची सगळी बटणं नव्याने लावून झाली होती. कोट काढला होता.

बुधवार, १९

वर्ग दोन जिने वर आहे. कठडा हलतो, कुणी पडलं म्हणजे कळेल. बाई माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघाल्या, चिरंजीवांहून लहान. फळा पुसत होत्या. मी सरळ सांगितलं की तुमची रीत सदोष आहे, पुरावा आणला आहे, आणि तिच्यापायी एका बाईने परीक्षा सोडली आहे.

त्यांनी कागद बघितला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि मलाही बसवलं. हसल्या, पण मला हसल्या नाहीत. "काका, हा तक्ता कुणी मांडला? तुम्ही? एकही चूक नाही यात."

मी म्हटलं, मग उत्तरं इतकी का?

त्यांनी समजावलं ते असं. पेरॉक्साइड परमँगनेटबरोबर काम करतं ते एक. पण ते एकटंही फुटतं, पाणी आणि ऑक्सिजन होऊन मोकळं होतं, परमँगनेटशी त्याचं काही देणंघेणं नसतं. म्हणजे एकाच भांड्यात दोन निराळी कामं चालू शकतात. तक्ता फक्त तुकडे मोजतो. कुठला तुकडा कुठल्या कामात गेला ते त्याला दिसत नाही. दुसरं काम हवं तेवढं मिसळा, हिशेब जुळतोच. "दोन खाने मोकळे राहिले, म्हणजे तक्ता तुम्हाला सांगत होता की इथे एक गोष्ट घडत नाहीये, दोन घडताहेत. तुम्ही त्यालाच चूक म्हणालात."

मी विचार केला. म्हणजे एका टेबलावर शर्टाची ऑर्डर आणि शेजारी विजारीची, आणि मी दोन्हींची बटणं एकत्र मोजून बसलो.

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. पाचाचं उत्तर खरं, पण ते निवडायला आणखी एक हिशेब लागतो, आणि तो सूनबाईच्या परीक्षेत येणारच नाही. हे पुस्तक खूप वरच्या इयत्तेचं आहे. निघताना म्हणाल्या, काका, येत जा वर्गाला. असं शर्ट-विजारीतून सांगायला इथे कुणाला सुचत नाही.

धावत घरी आलो. जिना उतरताना कठडा धरायचं राहिलं, ते आत्ता आठवून धडकी भरली. सूनबाई कोटाच्या अस्तराला लागली होती. मी सगळं सांगितलं. शर्ट, विजार, दोन कामं. तिने दोनदा विचारून घेतलं.

"म्हणजे रीत बरोबर होती?"

"रीत बरोबर. मी नको तिथलं पुस्तक उचललं."

तिने सुई अस्तराला टोचून ठेवली. "आणि हे विचारायला तुम्ही स्वतः गेलात? दोन जिने चढून?"

मी म्हटलं, घड्याळजीला दाखवायचं होतं. तिने कोट तसाच माझ्या मांडीवर टाकला आणि खोकं ओढलं.

गुरुवार, २०

कानात शीळ. जेवण गेलं नाही. हवा पुन्हा बदलली असावी.

सूनबाई जोरात अभ्यास करते आहे. मी रोजचं समीकरण सोडवून तिला दिलं. तिने त्यात वजाबाकीची चूक काढली आणि म्हणाली, अशा शिंप्याने मला एक बाही लांब शिवून दिली असती. पुन्हा चिडवायला लागली, म्हणजे ठीक आहे.

रविवार, २३

परीक्षा झाली. मी परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उभा होतो. चिरंजीवांनी नको म्हटलं होतं, पण आत आग लागली तर बाहेर घरचं कुणीतरी हवं. सूनबाई बाहेर आली ती हसतच. समीकरणं सगळी आली म्हणाली, प्रत्येकात एकच खाना मोकळा. मी विचारलं, मोकळ्याला काय दिलंस? "जो लागेल तो. तुमची परवानगी आहे असं समजले."

शुक्रवार, ११

सूनबाईची निवड झाली. आमच्या जिन्यातल्या सगळ्या घरांत सांगून आलो, वरच्या मजल्यावर दोनदा, कारण पहिल्यांदा त्यांनी नीट ऐकलं नव्हतं. चिरंजीव तिला शुद्धीकरण केंद्राचं फाटक दाखवून आणायला घेऊन गेले, जसं काही ते हरवणार होतं. घड्याळजी दुकानातून उठून हात मिळवायला आला. माझी छत्रीही घेऊन आला. काही तिरकं बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

एकवीस तारखेपासून कामावर.

सोमवार, २१

आजचं जरा सविस्तर लिहितो, कारण घरातले सगळे माझ्यावर रागावले आहेत आणि माझी बाजू कुठेतरी असायला हवी.

सूनबाई सातच्या आत निघाली. जाताना गॅस, नळ, औषध, दार असं सगळं मला सांगत होती, आणि मी तिला रस्ता, बस, आम्ल, पैशाचं पाकीट असं सांगत होतो. दोघंही एकाच वेळी बोलत होतो त्यामुळे कुणीच काही ऐकलं नाही. मग दार लागलं.

आठ वाजता घर फार मोठं वाटलं. टेबलाचा तिचा कोपरा स्वच्छ होता. मी त्या बाजूला बसून बघितलं. तिथून खिडकीतली माझी खुर्ची दिसते, बाकी काही नाही. म्हणजे इतके दिवस तिला अभ्यासातून मान वर केली की मीच दिसत होतो. पोस्टमन आला नाही. मी मात्र तीनदा दार उघडून पाहिलं.

साडेचारच्या सुमारास जरा पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडलो. कुठे जायचं ठरलं नव्हतं. दोन जिने चढल्यावर लक्षात आलं की वर्गाशी आलो आहे. बाईंनी मागच्या बाकावर बसवलं. सगळे जण कामावरून आलेले, कुणाच्या हाताला तेल, कुणाच्या अंगावर दवाखान्याचा गणवेश. मग बाईंनी मला फळ्यापाशी बोलावलं. मला. लायटरमधल्या ब्युटेनचं समीकरण. मी खडू धरला, मोकळ्या खान्यात ब्युटेनला एक दिला, आणि ऑक्सिजन आले साडेसहा. फळ्यावर मी ठळक अक्षरांत साडेसहा लिहिलं. पहिल्या बाकावरची परिचारिका म्हणाली, काका, अर्धा रेणू कुठल्या दुकानात मिळतो? सगळा वर्ग हसला. माझे कान तापले. पण मग सुचलं की आपल्याला एकच ब्युटेन घ्यायची सक्ती कुणी केली आहे? खाना मोकळा आहे. एकाच्या जागी दोन केले. तेरा ऑक्सिजन, आठ कार्बन डायऑक्साइड, दहा पाणी. एक तुकडा उरला नाही. परिचारिकेनेच टाळी वाजवली.

त्यानंतर त्या सगळ्यांनी वेगवेगळ्या गोष्टी विचारल्या, कोट कसा उसवतात तेही विचारलं, आणि वेळेकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

घरी आलो तर आमच्या जिन्याच्या पायरीवर सूनबाई बसलेली, नवी पिशवी मांडीवर. चिरंजीव ड्रायव्हरच्या कपड्यांतच. घड्याळजी कपाळावर भिंग चढवून तसाच उभा. घराची किल्ली एकच आहे, ती माझ्या खिशात होती. दुसरी करायची कधी वेळच आली नाही, घरात नेहमी कुणीतरी असतंच.

मला बघून सूनबाई उठली. "कुठे होतात? दोन तास मी इथे बसलेय. दवाखान्यात फोन केले. दोनदा नाक्यापर्यंत धावत जाऊन आले. पडला असाल, रस्ता चुकला असाल, काय काय डोळ्यांपुढून गेलं माझ्या. सांगून जाता येत नाही?"

मी म्हटलं, वर्गात होतो. साडेसहा ऑक्सिजन आले होते.

सूनबाईने तोंडावर पदर धरला, रडते की हसते कळेना. घड्याळजी म्हणाला, "चला, शाळा सुटली," आणि निघून गेला.

मला खरंच नवल वाटलं. धडधाकट माणूस दिवसाढवळ्या थोडा बाहेर जातो, यात इतकं घाबरण्यासारखं काय आहे? तिचा कामाचा पहिला दिवस कसा गेला ते सांगायचं सोडून सगळं जेवण होईपर्यंत ती माझ्याच मागे लागली होती. जेवताना असे विषय काढू नयेत. सूनबाईचा स्वभाव इतका काळजीचा आहे हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

उद्या सकाळी किल्लीवाल्याकडे जाऊन आणखी दोन किल्ल्या करून आणायच्या. वर्ग रोज असतो.